जाणकारांनी मार्गदर्शन करावे

भैयाजी भोयर यांना माहीत नसलेल्या गोष्टी जगात पुष्कळ होत्या. पण त्याची त्यांना कधी चिंता वाटली नाही, कारण त्यांच्या खिशात अकरा हजार माणसं होती. ‘आपली आरमोरी (फक्त कामाच्या गोष्टी)’ हा फेसबुकवरचा ग्रुप त्यांच्या फोनमध्ये होता, आणि फोन खिशात होता. मनात प्रश्न आला की अंगठा खिशाकडे जायचा. मधे डोकं लागत नसे.

भैयाजी एका हायस्कुलात मुख्य लिपिक होते. सव्वीस वर्षं त्यांनी वरिष्ठ कार्यालयाला पत्रं लिहिली आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘योग्य ते मार्गदर्शन व्हावे’ असं लिहून चेंडू पलीकडे टोलवला. तीच सवय ग्रुपवर उतरली होती. तिथे त्यांचा प्रत्येक प्रश्न ‘जाणकारांनी मार्गदर्शन करावे’ या वाक्यानं संपत असे.

प्रश्न कसले असत? ‘बाहेर पाणी सुरू आहे का?’ हा प्रश्न त्यांनी खाटेवर पडून विचारला होता, आणि खिडकी हात लांब केला तर लागत होती. ‘पेट्रोल पंप आज चालू आहे का?’ हा पंपावरच्या रांगेत उभं राहून. ‘आज तिथी कोणती?’ हा कॅलेंडरच्या खाली बसून. एकदा तर ‘भाजीत मीठ जास्त पडल्यास काय करावे?’ असं विचारून त्यांनी आपल्या पत्नीचा, प्रेमिलाबाईंचा, स्वयंपाक अकरा हजार लोकांपुढे मांडला होता. दुसऱ्या दिवशी बाजारात वांगी विकणारीनं प्रेमिलाबाईंना विचारलं, ‘‘कावो बाई, बटाटा टाकून पाह्यला का?’’ त्यानंतर घरात आठ दिवस अळणी भाजी होती. भैयाजींनी मुकाट्यानं खाल्ली, कारण यावर काय करावं हे विचारायची सोय राहिली नव्हती.

कुणी टोकलं की भैयाजी दुखावत. ‘‘इचारन्यात कायचा कमीपना?’’ ते म्हणत. खरी गोम वेगळीच होती. प्रश्न टाकला की अर्धं काम झालं असं त्यांना वाटे, आणि उरलेलं अर्धं ते करत नसत. उत्तरंही ते पुरती वाचत नसत. ‘धन्यवाद सर’ लिहून मोकळे होत.

अशा माणसाच्या घरी उपवर मुलगी असावी आणि तिच्यासाठी स्थळ यावं, म्हणजे काय होईल याचा अंदाज कुणालाही यावा. भैयाजींना आला नाही.

मुलगी आचल, गावाजवळच्या उपकेंद्रात नर्स. आजवर तिला सात मुलं दाखवून झाली होती आणि सातांनाही ती तिथल्या तिथे ‘नाई’ म्हणाली होती. आठवं स्थळ तिच्या मामानं, सुनिलनं आणलं. मुलगा गोंडपिपरीचा, नाव आदेश झाडे, विजेच्या ऑफिसात लाईनमन, घरी धानाची शेती. आईवडील, मुलगा आणि मामा येऊन पोहे खाऊन गेले. जाताना मुलगा आणि मुलगी अंगणातल्या जांभळीखाली दहा मिनिटं बोलली. रात्री आईनं विचारलं तेव्हा आचल म्हणाली, ‘‘बघू.’’

हा ‘बघू’ ऐकून प्रेमिलाबाईंनी मनातल्या मनात मांडव घातला. सात ‘नाई’नंतर आलेल्या ‘बघू’चा अर्थ आईला सांगावा लागत नाही. भैयाजींना तो कळला नाही. मुलगी आळस करते आहे, असं त्यांना वाटलं.

‘‘आता तुमी एक डाव गोंडपिपरीले जाऊन चौकशी करून या,’’ प्रेमिलाबाई म्हणाल्या. ‘‘गुपचूप जा, गुपचूप या.’’

आपल्या भागात चौकशीची रीत ठरलेली आहे. मुलीचा बाप सकाळच्या बसनं मुलाच्या गावी जातो, पण मुलाच्या घरी जात नाही. बसस्टँडसमोरच्या टपरीवर बसतो. पहिल्या चहाला धानाचा भाव विचारायचा. दुसऱ्या चहाला यंदा वाघ कुठपर्यंत आला होता ते विचारायचं. तिसऱ्या चहाला, आभाळाकडे बघत, ‘‘इथी ते झाडे कोन होय जी?’’ एवढंच म्हणायचं. मग टपरीवाला आपणहून तीन पिढ्या सांगतो. मुलाच्या घरी कळत नाही, कुणाचा मान जात नाही, आणि उद्या नाही म्हणायची वेळ आली तर ‘पत्रिका जुळली नाही’ म्हणता येतं. शेकडो लग्नं या तीन चहांवर उभी आहेत.

पण त्यासाठी आरमोरीहून गडचिरोली, गडचिरोलीहून आष्टी आणि आष्टीहून नदी ओलांडून गोंडपिपरी, अशा तीन बस बदलाव्या लागतात. भैयाजी ‘उद्या जातो’ म्हणाले. मग धान कापणी आली, मग शाळेची तपासणी आली, मग कंबर आली. दोन आठवडे गेले. शेवटी एका रविवारी, सकाळचा नाश्ता झाल्यावर, अंगणात उन्हात खुर्ची टाकून त्यांनी चौकशी उरकून टाकली. म्हणजे फोन काढला आणि लिहिलं:

‘नमस्कार. गोंडपिपरी येथील श्री. दादाजी झाडे यांचे कुटुंब कसे आहे? त्यांचे चिरंजीव आदेश (लाईनमन) यांचे स्थळ माझ्या मुलीकरिता आले आहे. स्वभाव, शेती व व्यसन (पितो का?) याबाबत खरी माहिती द्यावी. फोटो सोबत जोडला आहे. बाब गोपनीय आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.’

अंगणाच्या भिंतीपलीकडे शेजारच्या शकुबाई धान पाखडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, अंगठाबहाद्दर, पण पन्नास कोसांतली सोयरीक तोंडपाठ. त्यांनी विचारलं, ‘‘काय करून राह्यले भैयाजी?’’

‘‘काई नाई शकुबाई. एक महत्त्वाचं काम होतं, झालं.’’

पहिलं उत्तर चार मिनिटांत आलं. त्यात फक्त एक टिंब होतं. दुसऱ्यानं ‘फॉलोइंग’ लिहिलं. तिसऱ्यानं ‘इनबॉक्स केला आहे’ लिहिलं, पण इनबॉक्सात त्यानं विम्याची माहिती पाठवली होती. एटापल्लीकडच्या लालसूनं लिहिलं, ‘आमच्याकडे आजच टॉवर सुरू झाला. पहिलीच कमेंट. लग्न कधी आहे?’ त्याचं त्रेचाळीस लोकांनी अभिनंदन केलं.

मग ‘पितो का?’ वर चर्चा घसरली. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यातली उठली, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आरमोरी अलीकडे, गोंडपिपरी पलीकडे, मधे वैनगंगा. एका वकिलानं मुद्दा काढला की मुलगा पलीकडे पीत असेल तर तो गुन्हा नाही, पण सासुरवाडीला येऊन प्यायला तर सासऱ्याचीही चौकशी होऊ शकते. दुसऱ्यानं भाबडेपणानं विचारलं, ‘मग अलीकडे कुठे भेटते?’ या प्रश्नाला मात्र एकतीस जाणकारांनी तत्काळ मार्गदर्शन केलं. ग्रुपवर इतकी नेमकी माहिती त्याआधी कुणालाच मिळाली नव्हती.

मुलगा लाईनमन आहे म्हटल्यावर पुढची गर्दी ठरलेलीच होती. ‘आमच्या वॉर्डातला खांबावरचा दिवा महिन्यापासून बंद आहे, जावयांना सांगा.’ ‘बिल जास्त आलं, होणाऱ्या जावयाचा नंबर द्या.’ एका मंडपवाल्यानं लिहिलं, ‘मंडप, डेकोरेशन, डीजे, घोडा. घोडा शांत आहे.’ दुपारपर्यंतच्या सगळ्या उत्तरांत स्वभावाबद्दलची ठाम माहिती एवढी एकच होती, आणि ती घोड्याची होती. भैयाजींनी सगळ्यांना ‘धन्यवाद सर’ लिहिलं. घोडेवाल्यालाही लिहिलं.

खरी आग वेगळ्याच उत्तरांनी लावली. सिंदेवाहीचे कुणी लच्छूजी होते, त्यांनी लिहिलं, ‘मलाही हीच माहिती हवी आहे. मुलगा अजून मोकळा आहे का?’ त्याखाली आणखी दोन बापांनी ‘मलाही’ लिहिलं. नोकरीवाला, शेतीवाला, दिसायला बरा मुलगा गोंडपिपरीत अजून बिनलग्नाचा आहे, ही बातमी भैयाजींनी स्वतःच्या हातानं अकरा हजार घरांत पोहोचवली होती. वर फोटोही जोडला होता.

आणि एकशे विसाव्या जागी एक उत्तर आलं. कुणीतरी टॅग केलं होतं म्हणून.

‘मी दादाजी झाडे. मी जिवंत आहे. गोंडपिपरीलेच राह्यतो. मले विचारलं असतं त मी सांगतलं असतं.’

तेवढ्यात सुनिलमामाचा फोन आला. तो इतका मोठ्यानं बोलत होता की फोन नसता तरी आरमोरीत ऐकू आला असता. ‘‘भाटोजी, हे का करून ठेवलं तुमी? दादाजी भाऊ म्हनते, आमच्या घराचा निकाल आरमोरीच्या चौकात लागून राह्यला असन त आमाले नाई करायची सोयरीक!’’

आता पोस्ट काढायला हवी होती. ती कशी काढतात हे भैयाजींना माहीत नव्हतं. आणि माहीत नसलं की ते काय करतात हे एव्हाना सर्वांना माहीत आहे. त्यांनी लिहिलं, ‘टाकलेली पोस्ट डिलीट कशी करावी? अत्यंत तातडीचे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.’

‘कोणती पोस्ट? लिंक द्या,’ लोकांनी विचारलं. भैयाजींनी लिंक दिली. ज्यांनी सकाळी वाचली नव्हती त्यांनीही आता वाचली. ‘कशाला काढता, छान आहे,’ असं दोघांनी लिहिलं. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्यातल्या एका सज्जनानं मात्र मनापासून पायऱ्या लिहून दिल्या: सेटिंगमध्ये जा, तिसऱ्या ओळीवर दाबा, मग खाली पाचव्यावर. भैयाजींनी तसं केलं. पोस्ट होती तिथेच राहिली, फोन मात्र पुरता तेलुगू झाला. अक्षरं सगळी गोल, वळणदार, दिसायला सुंदर, आणि भैयाजींना त्यातलं एकही ओळखू येईना.

आचल रविवारच्या ड्युटीवरून आली तेव्हा बाप खुर्चीत, फोन मांडीवर आणि आई दारात, असा देखावा होता. तिला काही सांगावं लागलं नाही. वाटेत उपकेंद्रातल्या तीन रुग्णांनी आणि एका बसकंडक्टरनं तिला ‘काय मग, पितो का?’ विचारून झालं होतं. तिनं फोन घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि परत दिला.

‘‘झालं?’’ भैयाजींनी विचारलं.

‘‘हाव. दोन बोटाचं काम होतं, बाबा.’’

भाषा मात्र तिनं तेलुगूच ठेवली. मग आत जाऊन तिनं आधीच धुतलेला युनिफॉर्म पुन्हा धुवायला घेतला. ती रडली असती तर भैयाजींना बरं वाटलं असतं. ती नुसती कपडा घासत राहिली आणि बाप अंगणात बसून ते ऐकत राहिला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकं लाजिरवाणं कधी वाटलं नव्हतं.

‘‘उद्या पयल्या बसनं जा,’’ प्रेमिलाबाई म्हणाल्या. ‘‘पाय धरा, काईपन करा. हे स्थळ गेलं त पोट्टी काई बोलनार नाई. मी बोलन. आनि जे बोलन ते मंग तुमी ग्रुपवर टाका.’’

पोस्ट निघाली होती, पण तिचे स्क्रीनशॉट निघून ते ‘आमची गोंडपिपरी’ या तिकडच्या ग्रुपवर कधीचेच पोचले होते. तिथे तर लोकांना विषय घरचाच होता.

सोमवारी सकाळी भैयाजी स्वच्छ पांढरा शर्ट घालून आरमोरी बसस्टँडवर उभे राहिले. मनावर दगड ठेवला होता. पण सवय दगडाखालूनही निघते. अंगठा खिशाकडे गेला. तेलुगू असलं म्हणून काय झालं, अंगठ्याला भाषा लागत नाही. त्याला जागा पाठ होत्या. ‘गडचिरोली बस किती वाजता आहे? जाणकारांनी…’ एवढं लिहून होतंय तोवर उत्तर आलं. उत्तर देणारा त्यांच्याच मागच्या बाकावर बसला होता. ‘काका, तुमच्या समोर उभी आहे.’ भैयाजींनी ते वाचलं, ‘धन्यवाद सर’ लिहिलं आणि मान वर केली. बस फाटकातून वळून गेली होती.

पुढची बस तासाभरानं मिळाली. ते दुपारी गोंडपिपरीला उतरले, तेव्हा पांढरा शर्ट पांढरा राहिला नव्हता. निदान आता तरी रीतीनं वागायचं असं ठरवून ते टपरीवर बसले. चहा मागवला. लांबवर बघत म्हणाले, ‘‘यंदा धानाले का भाव आहे जी?’’

टपरीवाल्यानं चहा गाळता गाळता त्यांच्याकडे नीट पाहिलं. ‘‘तुमीच का ते आरमोरीचे ‘पितो का’वाले?’’

बाकावरची पाच माणसं एकदम वळली. त्यातल्या एकानं फोन काढून पोस्टवरच्या नावाशेजारचा भैयाजींचा फोटो ताडून पाहिला. ‘‘हाव, हेच होय. बसा ना भाऊ. घोड्याचं ठरलं का?’’

दुसऱ्या आणि तिसऱ्या चहाची वेळ आलीच नाही. तिघे जण त्यांना झाडेंच्या घरापर्यंत सोडायला निघाले. वाटेत आणखी चौघं मिळाले. गुपचूप चौकशीला निघालेला बाप अशा रीतीनं सात माणसांच्या मिरवणुकीनं मुलाच्या दारात पोचला. वाजंत्री तेवढी नव्हती.

दारातल्या ओट्यावर एक गृहस्थ आधीच बसले होते, मांडीवर पेरूंची पिशवी. भैयाजींना पाहताच ते उठले आणि त्यांनी दोन्ही हात हातात घेतले. ‘‘मी लच्छूजी, सिंदेवाहीचा. तुमची पोस्ट पाहूनच आलो. गंज उपकार झाले भाऊ तुमचे, नाईतर अशी स्थळं कुठी कळते आपल्याले?’’

भैयाजींच्या तोंडून सवयीनं ‘धन्यवाद सर’ निघालं.

दादाजी झाडे खळ्यातून आले. अंगावर धानाचा भुसा, खांद्यावर दुपट्टा. उंच, हडकुळा, शांत माणूस. भैयाजींना वाटलं होतं आता शिव्या बसतील. शिव्या बसल्या असत्या तर सोपं गेलं असतं. दादाजींनी त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला आणि समोर उकिडवे बसले.

‘‘हं,’’ ते म्हणाले. ‘‘इचारा.’’

‘‘का?’’

‘‘जे इचारायचं ते. स्वभाव, शेती, व्यसन. मी हाव ना पुढ्यात. इचारा.’’

भैयाजींनी तोंड उघडलं. अकरा हजार माणसांना एका दमात विचारलेला प्रश्न एका माणसाच्या डोळ्यांत बघून काही केल्या ओठांवर येईना. मागे मिरवणुकीतले सात जण कान देऊन उभे होते. लच्छूजी पेरूंची पिशवी कुरवाळत होते.

‘‘दादाजी भाऊ, माही चूक झाली,’’ भैयाजी शेवटी म्हणाले. ‘‘मी यायले पाह्यजे होतं. आलो नाई. आळस केला. पोरीच्या जन्माचं काम आनि मी खुर्चीवर बसून… मले लाज वाटून राह्यली. सोयरीक नाई केली तरी चालन, पन माह्या पोरीवर राग नका धरू. तिची काई चूक नाई.’’

दादाजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. ‘‘बरं. तुमी नाई इचारत त मी इचारतो. एकच. तुमी अकरा हजार जनायले इचारलं. पोरीले इचारलं का? तिले आमचा पोट्टा पसंत आहे का?’’

भैयाजींनी उत्तर शोधलं. पोहे आठवले, जांभूळ आठवलं, ‘बघू’ आठवलं. त्यापलीकडे त्यांना काहीच सापडेना. आपण आचलला आजवर ‘किती वाजता येशील?’ आणि ‘चार्जर कुठे आहे?’ यापेक्षा मोठा प्रश्न विचारलेला नाही, हे त्या खाटेवर बसून पहिल्यांदा त्यांच्या ध्यानात आलं.

‘‘नाई इचारलं,’’ ते हळूच म्हणाले.

‘‘मंग इचारा. आत्ता.’’

भैयाजींनी फोन काढला. बटणांवर सगळी गोल गोल अक्षरं. बोट भलतीकडे लागून स्पीकर सुरू झाला आणि आचलचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला, ‘‘हां बाबा, बोला. पेशंट आहे समोर, लवकर बोला.’’

‘‘आचल,’’ भैयाजी म्हणाले. ‘‘बाई… तुले तो पोरगा… आदेश… कसा वाटते?’’

मग ती म्हणाली, ‘‘हे कोनत्या ग्रुपसाठी पाह्यजे?’’

‘‘कोनत्याच नाई. मलेच पाह्यजे.’’

‘‘मले पसंत आहे, बाबा,’’ आचल म्हणाली. ‘‘आनि पेते का म्हनून मी त्याले जांभळीखालीच इचारलं होतं. पयला प्रश्न तोच. तो म्हने, दोन वर्षाखाली शिमग्याले एक डाव पेलो, दुसऱ्या दिवशी खांबावर चढता येत नोयतं, खाली बसून रडलो, तवापासून हात नाई लावला. खोटं बोलनारा असता त एवढं सांगतलं नसतं. तुमी मले इचारलं असतं त मी तवाच सांगतलं असतं.’’

‘‘कोन्या शिमग्याले?’’ दादाजी एकदम उभे राहिले. ‘‘मले त म्हने, ऊन लागली! त्याच्या मायनं दोन दिवस पन्हं पाजलं त्याले!’’

‘‘कोन बोलून राह्यलं, बाबा?’’ फोनमधून आवाज आला.

‘‘तुहा सासरा,’’ मिरवणुकीतलं कुणीतरी म्हणालं, आणि अंगणात हशा पिकला. पलीकडे फोन धाडकन बंद झाला.

दादाजी तोंडावर राग आणायचा प्रयत्न करत होते, पण तो टिकेना. ‘‘अठ्ठावीस वर्षं झाले पोट्ट्याले वाढवून राह्यलो,’’ ते म्हणाले, ‘‘मले पत्ता नाई. अन् तुमच्या पोरीनं दहा मिनिटात काढून घेतलं. अशी सून पाह्यजेच घरात.’’ मग त्यांनी आत आवाज दिला, ‘‘साखर आना वो!’’ लच्छूजी उठले. जाताना त्यांनी मोठ्या मनानं पेरू तिथेच ठेवले आणि भैयाजींच्या कानात सांगितलं, ‘‘आनखी कोनाची चौकशी करनार असान त टाकजा ग्रुपवर.’’

भैयाजी घरी आले तेव्हा दिवे लागले होते. प्रेमिलाबाईंना बातमी आधीच पोचली होती. भिंतीपलीकडून शकुबाईंनी विचारलं, ‘‘जमलं म्हनते? बेस झालं. झाडे लोकं चांगले हाव. पोट्टा सभावानं गरीब आहे, शिमग्याले एकदाच का ते झालं होतं त्याचं.’’

भैयाजी जागच्या जागी थांबले. ‘‘तुमाले कसं माईत, शकुबाई?’’

‘‘अवो, माही भाची त्यायच्या भितीले भित लावून राह्यते. बुधरी. तुमी पोहे करू राह्यले त्याच दिवशी तिनं सारं सांगतलं मले.’’

‘‘मंग मले काऊन नाई सांगतलं?’’

‘‘मी त रोज इथीच बसून हाव, बाप्पा,’’ शकुबाई सूप झटकत म्हणाल्या. ‘‘तुमी इचारलं कवा?’’

साक्षगंधाची तारीख ठरली. आचलनं फोन मराठी करून दिला, पण तिचा अबोला पुरता गेला नव्हता. विचारलं तेवढ्यालाच उत्तर देई. भैयाजींनी पत्रिका छापून आणली. तीवर तारीख, वार, वेळ, सभागृह, सभागृहासमोरचं पिंपळाचं झाड, सगळं ठळक अक्षरांत. ग्रुपच्या अकरा हजार लोकांनी पोरीचं इतकं केलं, तर निमंत्रण द्यायला नको? त्यांनी पत्रिकेचा फोटो टाकला.

चार मिनिटांत पहिलं उत्तर आलं. ‘कुठे आहे?’

मग ‘कधी?’ मग ‘टायमिंग काय आहे?’ मग लालसूचं, ‘दादा, जेवण आहे का?’ मग ‘पत्ता सेंड करा.’ मग ‘मुलाचं नाव काय?’ सत्तावीस जणांनी विचारलं. सत्ताविसांचीही उत्तरं त्यांच्याच डोळ्यांपुढच्या फोटोत होती. भैयाजींच्या मस्तकात तिडीक गेली. ‘‘लोकायले वाचता येत नाई का वो?’’ ते प्रेमिलाबाईंना म्हणाले. ‘‘सारं लिवून आहे! डोरे फुटले का यायचे?’’

प्रेमिलाबाईंनी नुसतं बघितलं. भैयाजींना तेवढं पुरलं.

शेवटचं उत्तर कुणा अनोळखी माणसाचं होतं. ‘मुलगा कसा आहे? नीट चौकशी केली का? पितो का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.’

भैयाजींनी हे उत्तर पुरतं वाचलं. मग त्यांनी एकेक अक्षर नीट जोडून लिहिलं, ‘केली. जाणकार आमच्या घरातच होती.’ फोन टेबलावर ठेवला. आचल नुकतीच कामावरून आली होती, ओट्यावर पाय पसरून बसली होती, डोळे मिटून. तिचे पाय सुजले होते. ते रोजच सुजत असतील. भैयाजींनी आज पाहिले.

‘‘आचल,’’ त्यांनी विचारलं, ‘‘तुले चहा पाह्यजे का?’’

तिनं एक डोळा उघडला. बापाच्या हातात फोन नाही हे पाहून दुसराही उघडला. ‘‘करनार कोन?’’

‘‘मी.’’

‘‘हाव,’’ ती म्हणाली, आणि दोन आठवड्यांनी पहिल्यांदा हसली.

भैयाजी स्वयंपाकघरात शिरले. गॅस पेटला. पाणी चढलं. पत्ती सापडली. मग ते फळीवरच्या डब्यांच्या रांगेपुढे उभे राहिले, आणि त्यांचा अंगठा आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं विचारलं, ‘‘आचलची माय, साखर कुठी आहे?’’

बाहेरून प्रेमिलाबाई म्हणाल्या, ‘‘डब्यावर लिवून आहे.’’